रुपयात दोन आणे

उजव्या कानावर वेताचा नंबर,
डाव्या कानावर पिल्लाचा.
चिमट्याने खाच मारायची, आयोडीन लावायचं,
आणि वहीत लिहायचं: आई, बाप, आईची आई, बापाचा बाप.
सोळा वर्षं मी हेच करतेय मुंगसऱ्याच्या फार्मवर.
माझं अक्षर बघून डॉक्टर केंगे म्हणतात,
दुर्गाताई, तलाठ्याला लाजवाल.

वहीत दोन घराणी.
एक लेकुरवाळं: पांढरं, लांब पाठीचं,
कान डोळ्यांवर पदरासारखे,
चौदाच्या वर सड, वेताला बारा-तेरा जीव.
दुसरं बापांचं: विटकरी, मांड्या भरलेल्या,
खाल्लेलं अंगी लावणारं,
पोरांकडे ढुंकून न बघणारं.
कुणी निवडून निवडून वेगळी केली, कुठल्या देशात,
मला ठाऊक नाही. मी फक्त लिहिते.
बांधापलीकडे द्राक्षबाग आहे,
तिथेही खुंट एकाचा, काडी दुसऱ्याची.
बोरस्त्यांची सून म्हणते, तुमचं-आमचं सारखंच.
सारखं कसं असेल?
वेल रात्रीची कुंपण मोडत नाही.

गेल्या महिन्यात कानांचे तुकडे
बारीक नळ्यांत भरून बर्फातून बेंगळुरूला गेले.
परवा कागद आला. कागदावर नुसते ठिपके:
इकडे पांढऱ्यांचा पुंजका, तिकडे विटकरींचा,
आणि पांढऱ्यांच्या पुंजक्याबाहेर,
पंगतीतून उठवल्यासारखा,
एक.
सत्तेचाळीस-तीन.
केंगे म्हणाले, हिच्यात साडेबारा टक्के
कुणी तिसरंच आहे.
मी मनात हिशेब केला.
रुपयात दोन आणे.
म्हणजे पणजोबा.

तो माझ्या बापाचा नर होता.
काळा, राठ केसांचा, लांब नाकाडाचा. नाव मुकादम.
तेव्हा म्युनिसिपालटीची गाडी डुकरं धरत फिरत होती,
म्हणून बापाने पेठ फाट्याच्या पालावरून
तो माझ्याकडे आणून लपवला. दोनच रात्री.
दुसऱ्या रात्री कुंपण मोडलं.
तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवसांनी
पिल्लं झाली, सगळी पांढरी.
पांढरा रंग तसाच,
वरून बसला की खालचं काही दिसू देत नाही.
मी बापाच्या रकान्यात लिहिलं: एल-दोन-अकरा.
त्याच सुंदर अक्षरात.

आजा गेला तेव्हा बाप रामकुंडावर गेला होता.
वहीवाल्यांनी विचारलं: गाव? आडनाव? आजा? पणजा?
पणज्यापाशी बाप गप्प झाला.
गुरुजींनी तीन बाडं उलटली, माणूस वाईट नव्हता,
शेवटी प्यायला पाणी दिलं.
घरी येऊन बाप म्हणाला,
दगड फोडणाऱ्यांची नावं दगडालाच विचारायची.

केंगे म्हणतात, सत्तेचाळीस-तीनला
ओळीतून काढावं लागेल.
मी म्हटलं, मे महिन्यात पत्रे तापले,
बाकीच्या धापा टाकत पिल्लांवर लोळल्या,
हिने एक दाबलं नाही.
बसायच्या आधी हुंकारते,
नाकाने पेंढा चाचपते, मग गुडघे टेकते.
हा गुण दोन आण्यांतला की चौदा आण्यांतला?
ते चष्मा पुसत राहिले.
ते या कागदावर नाही, ताई.

रात्री मी जुनी वही काढली.
एल-दोन-अकरावर रेघ मारली, खोडलेलं दिसेल अशी.
वर लिहिलं: मुकादम.
रंग काळा. गाव पेठ फाटा.
मालकाच्या रकान्यात बापाचं नाव,
त्याच्या बापाचं, आडनाव.
त्यापुढे मलाही येत नव्हतं.
शाई वाळेपर्यंत बसून राहिले.
सकाळी केंगे विचारतील, कधीपासून माहीत होतं?
पाचव्या खणातून हुंकार आला.
बसतेय बहुतेक.